टाकाऊ कोणास म्हणावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या एका खेड्यातील शब्बाथशाळेत मुलांच्या हस्तकामाचे लहानसे प्रदर्शन भरविले होते. भिंतीला टेकून पुठ्ठ्यांवरील चित्रे मांडली होती. कोणी मोर केला होता, कोणी होडी, कोणी बैल. आणि ही सर्व चित्रे रंगांनी नव्हे, तर धान्याने भरलेली होती. मोराचा गळा मुगाचा, पिसारा मसुरीच्या डाळीचा, होडीचे शीड पांढऱ्याशुभ्र तांदळाचे. वर ‘स्वयंपाकघरातील वस्तूंपासून कलाकृती’ असा फलक लाविला होता. मी ती चित्रे पाहिली, मुलांच्या पाठीवर थाप मारिली आणि शिक्षिकाबाईंची चार शब्दांत प्रशंसाही केली. हे आरंभीच सांगून ठेवितो, कारण पुढे जो दोष दाखवावयाचा आहे तो प्रथम माझ्याच पदरात पडतो.

मंडळी पांगल्यावर झाडलोट चालली होती. वाळलेल्या डिंकातून सुटलेले दाणे जमिनीवर विखुरले होते, आणि केरसुणीच्या पुढे पुढे सरकत एक वृद्ध बाई ते एकेक वेचून पदरात घेत होती. मी म्हटले, “आजी, राहू द्या. डिंक लागला आहे त्यांस.” तिने मान वर न करिताच विचारिले, “पाळकसाहेब, ह्ये खायाचं न्हाई, मंग पेरायचं हाय का?” डाळ पेरून उगवत नाही, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. मजपाशी उत्तर नव्हते.

प्रिय वाचकहो, मुलांच्या खेळाकरिता आणि हस्तकामाकरिता चुलीपाशी असलेल्या वस्तूंपैकी कोणत्या घ्याव्या व कोणत्या घेऊ नयेत, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. मलाही तो तसाच दिसला असता. परंतु त्या आजीचा पदर पाहिल्यापासून तो माझ्या मनातून गेला नाही, आणि जसजसा मी त्याविषयी विचार करीत गेलो तसतसे मला असे वाटू लागले की, हा प्रश्न डाळीचा नसून एका शब्दाचा आहे. आणि तो शब्द म्हणजे ‘टाकाऊ’.

मी हे शिक्षिकाबाईंस बोलून दाखविले तेव्हा त्या रागावल्या नाहीत, परंतु गप्पही बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, सगळ्या वर्गाचे मिळून दोन ओंजळी धान्य गेले. ह्याहून अधिक उंदीर एका रात्रीत खातात. आणि आपल्याच लोकांच्या लग्नांत पत्रावळींवर टाकलेला भात कुत्र्यांनाही खाऊन संपत नाही, त्यावर आपण उपासनेत कधी बोललात काय?” आणखी त्या म्हणाल्या की, शहराकडून परत आलेल्या दोन मुलांस मूग कोणता व उडीद कोणता हे ठाऊक नव्हते, ते त्या दिवशी कळले. ह्यांपैकी एकही गोष्ट खोटी नाही. लग्नाच्या पंगतीसंबंधी मी खरोखरच कधी बोललो नाही. जेथे यजमान मंडळीतील वजनदार गृहस्थ असतो तेथे जीभ जड होते, आणि शब्बाथशाळेतील पोरांपुढे ती हलकी होते. हे बाईंनी सांगितले नाही, परंतु त्यांच्या मुद्रेवर लिहिलेले होते.

तथापि धान्य किती गेले हा मुद्दा मला पटत नाही. दोन ओंजळी काय आणि दोन दाणे काय, मुलाच्या हाताने काय शिकले हे पाहिले पाहिजे. ज्या हातास घरी भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून घे असे शिकविले जाते, त्याच हातास शाळेत असे शिकविले गेले की मसूर म्हणजे तांबडा रंग होय. दोन्ही धडे एका मनात राहू शकत नाहीत असे नाही. मनुष्याच्या मनात ह्याहून मोठे विरोध सुखाने नांदतात. परंतु दुसरा धडा देताना आपण पहिल्यावर पाय देत आहो, हे शिकविणाऱ्यास कळावयास हवे होते. ते बाईंस कळले नाही आणि मलाही कळले नाही.

त्या आजीस ते का कळले, ह्याचे कारण तिच्या आयुष्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची, नवी सून होती. सरकारी कामावर खडी फोडावयास जाई. तेथे सुकडी मिळे, ती स्वतः न खाता फडक्यात बांधून धाकट्या दिरासाठी घरी आणी. रेशनाच्या दुकानात परदेशाहून आलेली तांबडी मिलो मिळत असे, तिची भाकरी कोणास गोड लागत नसे. परंतु तीही कधी मिळे, कधी न मिळे. अशा मनुष्यास दाण्याचा रंग दिसण्याआधी दाणा दिसतो.

कोणी म्हणेल की हा एका म्हाताऱ्या बाईचा जुना भाव झाला. शिक्षणशास्त्र ह्याविषयी काय म्हणते ते सांगा. तर शिक्षणशास्त्राच्या इतिहासात धान्याने खेळणे फार जुने आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल हे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातील एका लुथरन पाळकाचे पुत्र, १७८२ साली जन्मले. त्यांनी १८३७ साली बाद ब्लांकेनबुर्ग ह्या गावी लहान मुलांसाठी जी संस्था काढिली तिलाच पुढे किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव मिळाले, आणि आज आपल्या खेड्यांतील बालवाड्याही त्याच बागेच्या फांद्या आहेत. फ्रोबेल ह्यांनी मुलांस जे हस्तव्यवसाय नेमून दिले त्यांत एक वाटाण्यांचा होता. वाळलेले वाटाणे भिजवून मऊ करावयाचे, टोकदार काड्या त्यांत खोचावयाच्या, आणि त्यांचे चौकोन, त्रिकोण, घरे व मनोरे उभारावयाचे. वाटाणा वाळला की काडी घट्ट धरून बसतो आणि घर मोडत नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध रचनाकार बकमिन्स्टर फुलर हे १८९५ साली जन्मले. त्यांची दृष्टी लहानपणी फार अधू होती. बालवर्गातील इतर मुले जशी घरे पाहत तशी करू लागली. ह्यांस घर नीटसे दिसतच नव्हते, म्हणून ते हातांनी चाचपून जे बळकट लागेल ते करू लागले, आणि असे बळकट त्यांस त्रिकोणच लागले. पुढे ज्या त्रिकोणी सांगाड्यांकरिता त्यांचे नाव झाले त्यांचे मूळ ते स्वतः ह्याच वाटाण्यांत आहे असे सांगत.

मग फ्रोबेल चुकले काय? मला तसे म्हणवत नाही. त्या वाटाण्याकडे असे काम होते की जे त्या काळी घरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूस करिता आले नसते: ओला असता मऊ, वाळल्यावर कठीण. आमच्या मोराच्या पिसाऱ्यातील मसुरीकडे असे कोणतेच काम नव्हते. विटेचा चुरा, कांद्याची साल, वाळलेले पान, ह्यांपैकी काहीही तिची जागा घेऊ शकले असते. म्हणून वस्तू अन्नाची आहे एवढ्यावरच निकाल देणे बरोबर नव्हे. ती कशासाठी घेतली, आणि तिच्यावाचून चालले असते की नाही, हे विचारिले पाहिजे.

परंतु काळ आणि स्थळ ह्यांचेही काही म्हणणे असते. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांनी तेथे फ्रोबेलच्या पद्धतीचा मन लावून अभ्यास केला, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढिले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या, आणि केडगावास त्यांचा सांभाळ करू लागल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमाविले होते. ज्या मुलीने कित्येक दिवस दाणा पाहिला नाही तिच्यापुढे भिजविलेले वाटाणे ठेवून, “ह्यांचे घर कर,” असे म्हणावयास कोणाची जीभ वळेल, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

आणि वाटाण्याचे काम करणारी दुसरी वस्तू आपल्याच देशात सापडली, हेही सांगितले पाहिजे. मध्यप्रदेशात पूर्वीच्या होशंगाबादजवळ रसूलिया येथे क्वेकर मंडळीने स्थापिलेले एक ग्रामकेंद्र आहे. १९७२ साली त्या केंद्राने व किशोर भारती ह्या संस्थेने मिळून सोळा शाळांतून, मुलांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करून विज्ञान शिकावे असा उपक्रम सुरू केला. पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीस असलेले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन त्या कामात गेले. गावच्या बाजारात त्यांस सायकलच्या व्हॉल्वला लागणारी बारीक रबरी नळी दिसली. तिचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडे करून त्यांत आगकाड्या खोचल्या की फ्रोबेलच्या वाटाण्याचे सर्व काम होते, आणि सांधा वाकतोही, जे वाटाण्याला साधत नाही. अशा शेकडो खेळण्यांच्या कृती त्यांनी पुस्तकांतून लिहिल्या. ह्या कार्याबद्दल २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आपल्या चुलीपाशी जळलेल्या काड्यांचा तोटा नाही, आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानात जुन्या नळीचे तुकडे मिळतात.

आता त्या शब्दाकडे येतो. खेड्यातील जुन्या पद्धतीच्या घरात टाकाऊ असे काय असते? तांदूळ धुतलेले पाणी म्हशीला जाते, भाजीची देठे शेळीला, राख भांड्यांस, अंड्याची टरफले झाडाच्या मुळाशी, करवंटी चुलीत, फाटके लुगडे गोधडीत, आणि तेलाचा रिकामा डबा तर घरात अशा मानाने राहतो की सुनेने त्याला हात लावण्यापूर्वी सासूस विचारावे. शहरातील घरात हेच सर्व जिन्नस एका बादलीत पडतात. ‘टाकाऊ’ हा वस्तूचा गुण नव्हे. ज्याच्या हातात ती आहे त्याच्या घराची ती खूण आहे. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा सोडून द्याव्या व पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत, ती गरिबांची व परक्यांची आहेत, असे सांगितले आहे. रूथने सरवा वेचिला तो ह्याच हक्काने. म्हणजे उरलेल्या वस्तूलाही धनी असतो, फक्त तो दाराशी उभा राहून ओरडत नाही. आणि पाच हजारांच्या त्या जेवणानंतर ज्या बारा टोपल्या उचलल्या त्या कोणी खेळावयास मागितल्याचे लिहिलेले नाही.

ह्याचे एक घरगुती उदाहरण सांगतो. आमच्या एका सुवार्तिकाच्या मुलाने नाताळासाठी कंदील करावयाचा म्हणून घरातील एक पत्र्याचा डबा घेतला आणि खिळ्याने त्यास सुंदर ताऱ्याच्या आकाराची भोके पाडिली. डबा रिकामाच होता. परंतु त्याची आई त्याच डब्याने ज्वारी मापून दळणास देत असे. मुलाला मार बसला, आईला पश्चात्ताप झाला, आणि कंदील मात्र पाच-सहा वर्षे उपासनामंदिराच्या दारात लागत राहिला. मुलगा दुष्ट नव्हता. त्याला शाळेत ‘घरातील रिकामा डबा आणा’ एवढेच सांगितले होते. ‘आईला विचारून आणा, ह्याचे काम संपले काय आणि ह्यावर कोणाचा डोळा आहे काय’ असे सांगितले असते, तर तो अर्धा धडा घरीच शिकून आला असता. माझ्या मते शिक्षकांनी मागावयाचे ते साहित्य नव्हे. प्रथम हे विचारणे.

ह्याच्या उलट बाजूस आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला मसुरीच्या मोराहून अधिक वाईट वाटते. तालुक्याच्या गावातील शाळांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून वस्तू करून आणावयास सांगतात. मी एका दुकानात उभा असता एक गृहस्थ आइस्क्रीमच्या काड्यांचे नवे पुडके आणि चहाचे कागदी पेले घेत होते. ती दुकानदारही ‘प्रोजेक्टचे सामान’ म्हणूनच विकतो. दुसऱ्या एका घरी मी डोळ्यांनी पाहिले की आगपेट्या हव्या म्हणून सहा भरलेल्या पेट्यांतील काड्या एका पिशवीत ओतल्या आणि पेट्या ‘रिकाम्या’ केल्या. रात्री अकरा वाजेपर्यंत आई बसून चिकटवीत होती आणि मुलगा निजला होता. त्या वस्तूस बक्षीस मिळाले. धान्य चिकटविणाऱ्या आमच्या मुलांनी निदान जे केले ते स्वतः केले, आणि ते धान्य आहे हे लपविले नाही. येथे मात्र नवी वस्तू जुनी म्हणून, आईचे काम मुलाचे म्हणून, आणि खर्च काटकसर म्हणून पुढे केला गेला. मुलाने हे सर्व पाहिले, आणि मोठी माणसे टाळ्या वाजवितात हेही पाहिले.

एक कठीण आक्षेप राहिला आहे, आणि तो मला एका मजुरी करणाऱ्या बापाने सांगितला. तो म्हणाला, “पैशेवाल्याच्या पोराला दुकानातली बाहुली, आन् आमच्या पोरीला चिंध्यांची. आन् वरून तुमी सांगणार का चिंध्यांचीच चांगली. आमाला गरिबी हाये तेवढी पुरे; तिचं कवतिक नको.” ह्या बोलण्यास मी मान देतो. गरिबाच्या लेकरापुढे गरिबीचे स्तोत्र गाणे हे पोट भरलेल्या उपदेशकाचे काम आहे. ज्यास वही पाहिजे त्यास पाठकोरे कागद देऊन काटकसरीवर प्रवचन करू नये, वही द्यावी.

परंतु घरच्या वस्तूंपासून खेळणे करणे हे गरिबीचे दुय्यम सांत्वन आहे असेच समजणे, हीही चूक आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे १९५७ साली अनुताई वाघ ह्यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मोंटेसोरी पद्धतीची सुबक लाकडी साधने फार महाग, ती वारली मुलांच्या अंगणात येणार कोठून? तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. वारल्यांच्या मुलांस कमी प्रतीचे चालेल म्हणून त्यांनी तसे केले नाही. पाच शिंपले आणि पाच लाकडी मणी ह्यांत पाच हे सारखेच आहेत, हे त्यांस दिसले. नारळाच्या दोन करवंट्यांस भोके पाडून दोऱ्या ओवून त्यांवर उभे राहून टापा वाजवीत चालणारे पोर, किंवा दोन आगपेट्यांमध्ये ताणलेल्या दोऱ्यातून मित्राचा आवाज ऐकून चकित झालेले पोर, त्या वेळी गरीब नसते. दोरा सैल सोडला की आवाज का जात नाही, हा प्रश्न त्याला पडतो, आणि दुकानातील बोलकी बाहुली हा प्रश्न पाडीत नाही.

ह्याच ठिकाणी पंतोजी व पंतोजीणबाई ह्यांस दोन-चार सावधगिरीच्या सूचना करितो. शेतावरील फवारणीच्या औषधाची बाटली अथवा डबा, कितीही धुतला तरी, मुलांच्या हाती कदापि देऊ नये. कापलेल्या पत्र्याची धार दगडावर घासून अगर दुमडून घ्यावी. गुंजा दिसावयास सुंदर, परंतु बी फुटून पोटात गेले तर जिवावर बेतते. त्या हस्तकामात आणूच नयेत. फार लहान मुले बिया नाकाकानांत घालितात. आणि प्लास्टिकच्या पिशव्या वितळवून गोळे करण्याचा खेळ मुलांस फार आवडतो, तो थांबवावा, कारण तो धूर छातीस वाईट.

आता त्या आजीकडे परत जातो, कारण तिने मला माझा नियम पुरता बांधू दिला नाही. काही दिवसांनी मी तिच्या घरी गेलो असता कोपऱ्यात एक मोठी टोपली दिसली. रद्दी कागद भिजवून, कुटून, त्यात मेथ्यांचे पीठ कालवून, पालथ्या घागरीवर थापून केलेली. अशा टोपल्या आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरी आजीच्या वेळच्या असतील. मी थट्टेने म्हटले, “आजी, मेथ्या खायच्या नव्हेत काय?” ती म्हणाली, “ह्या टोपलीत तीस वरसं डाळ ऱ्हायली. किडं लागलं न्हाईत. त्या मूठभर मेथ्या अजून काम करत्यात.” माझ्या लक्षात आले की तिचा राग धान्य वापरण्यावर नव्हताच. ज्याचे काम अर्ध्यावर मोडले ते दाणे तिला जमिनीवर दिसले होते.

नंतर बाईंनी तिला शब्बाथशाळेत बोलाविले. ह्या वेळी मोराचा पिसारा कांद्याच्या सालींचा केला, पोट अंड्यांच्या कवचांचे, आणि पिवळा रंग कांद्याच्या साली उकळून काढिलेल्या पाण्याचा. प्रश्न फक्त चिकटविण्याचा होता. कणकेची खळ करावी तर पुन्हा तीच गोष्ट. तेव्हा आजीने सांगितले की चिंच सर्व घरी खातात, चिंचोके अंगणात पडलेले असतात, ते आणा. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांस चिंचोक्यांचीच खळ लावीत आले आहेत, हे मी मुलांस मोठ्या ऐटीने सांगितले. चिंचोके भाजले, कुटून वरची तपकिरी साल काढिली, रात्रभर भिजविले, पाट्यावर वाटले आणि पाण्यात शिजविले. आजी चुलीपाशी बसून ढवळीत होती. मी मुलांस समजावून सांगत होतो की, पाहा, ही अशी वस्तू आहे की जिचे खाण्याचे काम पूर्ण झाले आहे.

आजीने पळी वर उचलून खळ किती दाट झाली ते पाहिले आणि म्हणाली, “चिंचोकं बी खाल्ल्यात आमी, पाळकसाहेब. भाजून. त्या साली.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पळी आजीच्या हातून घेतली आणि ढवळू लागलो, कारण खळ तळाशी लागत होती.